नोकरीची जागा टॉक्सिक आहे का? राजीनामा लिहिण्याआधी हे क्रमानं तपासा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यावर मागच्या महिन्यात एका मुलीनं माझ्यापुढं मोबाईल धरला. "काका, हे वाचा आणि सांगा, सोडू का नोकरी?" ग्रुपवर साहेबांचा मेसेज होता, रात्री साडेदहाचा: "ज्यांना जमत नाही त्यांनी उद्यापासून येऊ नये." मी विचारलं, नेमणूकपत्र कुठंय? माहीत नाही. पीएफ किती जमा झालाय? कधी बघितला नाही. असा मेसेज पहिलाच की पन्नासावा? आठवत नाही. राजीनामा मात्र टाईप करून तयार होता.

कुपवाड एमआयडीसीत मी चौदा वर्षं हजेरी आणि पगाराचं टेबल सांभाळलं. त्यामुळं लोक विचारायला येतात आणि बहुतेक जण उलट्या क्रमानं येतात. आधी भांडण, मग राजीनामा, मग कागद शोधायची धावपळ आणि सगळ्यात शेवटी, जागा खरंच वाईट होती का, हा प्रश्न. दुसऱ्या टोकालाही माणसं आहेत. नोकरी मामांच्या शब्दावर लागलेली असते, म्हणून आठ-आठ वर्षं अपमान गिळत बसतात. दोघंही जागा ओळखतात ती आवाजावरून. आवाज तर वर्कशॉपमध्येही चढतो, आणि तीच माणसं संध्याकाळी एका गाडीवरून घरी जातात. माझा अनुभव असा की, साधी वाजवी गोष्ट मागितल्यावर पुढं काय घडतं, त्यावरून जागा कळते. फक्त ते मागायच्या आधी तयारी लागते, आणि तिथंच सगळे घाई करतात.

एकूण काम सहा ते आठ आठवड्यांचं आहे. सातारा असो, सांगली असो, कारखाना असो की पतसंस्था, क्रम हाच ठेवा.

सावधान: या गोष्टींसाठी सहा आठवडे थांबायचं नाही. लैंगिक छळ, मारहाण, किंवा संरक्षक कव्हर (गार्ड) काढून टाकलेल्या मशीनवर जबरदस्तीनं उभं करणं. यातलं काही घडत असेल तर नोंदी करत बसू नका, सरळ टप्पा ७ वाचा. मारहाण चालू असेल तर ११२.

## टप्पा १: आधी कागद, मग बाकी सगळं

घरी एक प्लास्टिकची फाईल करा. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. तुम्हाला अचानक गेटवर अडवलं, तर तो ड्रॉवर तुमचा राहत नाही.

फाईलमध्ये नेमणूकपत्र, मिळाल्या असतील तेवढ्या पगाराच्या स्लिपा, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक, ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) नंबर, आणि सही करून दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत. नेमणूकपत्र नसेल तर 'नाही' असं एका कागदावर लिहून तो कागदच फाईलमध्ये ठेवा. गंमत नाही, पुढं हीच तुमची पहिली लेखी मागणी होऊ शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे.

पीएफ उमंग ॲपवर किंवा पासबुकच्या साईटवर बघा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिच्या १२ टक्के तुमच्याकडून कापले जातात, आणि मालकाचा वाटा वेगळा पडतो. एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. आता स्लिप आणि पासबुक शेजारी ठेवून महिन्याला महिना जुळवा. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात तो महिनाच नाही, असं तीन-चार वेळा निघालं, तर वातावरणाची चर्चा नंतर करू. तुमच्या पगारातून कापलेला पैसा कुठंतरी अडकलाय, हे आधी लिहून ठेवा.

ईएसआयचंही तसंच. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि आस्थापना त्यात येत असेल, तर तुमच्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. कार्ड हातात असावं. घरात कुणी आजारी पडल्यावर ते शोधायला निघणारे मी खूप पाहिलेत.

मग बॉण्ड. आपल्याकडं पाचशेच्या स्टॅम्पवर 'दोन वर्षं सोडणार नाही' असं लिहून घ्यायची पद्धत आहे. इथं लोक दोन चुका करतात. काही जण घाबरून जन्मभर अडकल्यासारखे राहतात, तर काही जण कुणीतरी सांगितलं म्हणून बॉण्डला किंमतच देत नाहीत. दुसरी चूक महागात पडू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तुमच्या बॉण्डवर मुदत किती, रक्कम किती, आणि प्रशिक्षणाचा खर्च खरंच झाला होता का, हे वाचून वकिलाला दाखवा.

मूळ गुणपत्रिका किंवा कोरा सही केलेला चेक त्यांच्याकडं असेल, तर तारखेसह लिहून ठेवा. लेखी परत मागायच्या गोष्टींत या दोन्ही पहिल्या नंबरला.

सावधान: फाईलमध्ये फक्त तुमचे कागद. गिऱ्हाइकांची यादी, दरपत्रकं, लेजरचे फोटो, ड्रॉइंग घरी आणू नका, स्वतःच्या मेलवर पाठवू नका. उद्या तुमचं म्हणणं खरं असलं तरी त्यांच्या हातात 'डेटा चोरला' असं बोलायला जागा मिळते.

## टप्पा २: सहा आठवडे वही

मेडिकलमध्ये मिळते तसली खिशातली छोटी वही घ्या. मोबाईलही चालतो, पण कंपनीचा नको. रोज लिहायची गरज नाही, घडलं की त्याच संध्याकाळी लिहायचं. ही माझ्या स्वतःच्या जुन्या वहीतली एक नोंद, जशीच्या तशी:

"११ मार्च, स. १०.४०. स्टोअरच्या दारात. 'बापानं शाळेत घातलं होतं का नुसता डबा दिला होता?' कारण चलन उशिरा. हजर दोन हेल्पर, टेम्पोवाला. प्रिंटर बंद होता, ९.१५ ला सांगितलं होतं. उत्तर आलं नव्हतं."

बघा, यात 'मला फार वाईट वाटलं' असं कुठंही नाही. वाटलं होतंच. जेवणाचा डबा तसाच परत नेला होता. पण वहीत तारीख, वेळ, जागा, बोललेले शब्द, हजर माणसं आणि आधी काय झालं होतं, एवढंच जातं. 'साहेब नेहमी सगळ्यांसमोर अपमान करतात' या वाक्याचा तीन महिन्यांनी तुम्हालासुद्धा उपयोग होत नाही.

चांगल्या गोष्टीही लिहा. हा सल्ला लोकांना पटत नाही. पण ज्या दिवशी साहेबांनी न मागता लवकर सोडलं, बाजू घेतली, चूक सांभाळून घेतली, तेही त्याच वहीत पाहिजे. नाहीतर सहा आठवड्यांनी तुमच्या हातात फक्त तुमच्या रागाची यादी राहते.

तपासा: सहा आठवड्यांनी वही उलटी वाचा. एकच प्रकार किती वेळा आला? तो फक्त तुमच्यावर येतो, की प्रत्येक आठवड्याला नवा माणूस धरला जातो? दोन-तीनच नोंदी असतील आणि त्याही एकाच आठवड्यातल्या असतील, तर अजून महिनाभर थांबा.

## टप्पा ३: हंगाम वेगळा काढा

आपल्या भागात हे न करता निष्कर्ष काढणं म्हणजे जुलैत पंचगंगा बघून तिला वर्षभर पूर आहे म्हणण्यासारखं आहे. साखर कारखान्यात गळीत हंगामात तीन पाळ्या अखंड चालतात, कुणाला साधं नीट बोलायला सवड नसते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात तेव्हा अडत्याकडचा दिवाणजी जेवायला चार वाजवतो. पतसंस्थेत ३१ मार्च. कापड दुकानात दिवाळी आणि लग्नसराई.

हंगामाचा ताण ओळखायला सोपा आहे. तो संपायची तारीख सगळ्यांना माहीत असते, वरचा माणूसही तितकाच घाम गाळत असतो, आणि नंतर बदली सुट्टी किंवा ओटी (जादा कामाचे पैसे) मिळते. ओटीबद्दल एवढंच लक्षात ठेवा की कामगाराला ठरलेल्या तासांवरच्या कामाचा दर दुप्पट असतो.

हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, तरी ग्रुपवर रात्री साडेदहाचे मेसेज येतच राहिले, तर वहीत ठळक लिहा. जिथं बारा महिने 'सध्या जरा लोड आहे' असतं, तिथं माणसं कमी नेमलेली असतात.

## टप्पा ४: आता लक्षणं

सगळ्यात जास्त गल्लत इथं होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

पैशातली लक्षणं. ही पक्की, कारण यात 'मला असं वाटतं' नसतं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. एखाद्या वेळी पार्टीचं पेमेंट अडकलं, मालकानं आधी येऊन सांगितलं, तर तो अडचणीत आलेला मालक. दर महिन्याला तारीख वेगळी, कुणी विचारलं की 'पळून चाललोय का?', आणि त्याच आठवड्यात दारात नवी गाडी, हे वेगळं. उशिरा आल्याचा, काच फुटल्याचा, हिशेबात पन्नास रुपये कमी आल्याचा दंड मनाला येईल तसा कापला जात असेल, तर लिहून ठेवा. कायद्यात दंडाची कारणं आधी ठरलेली आणि मंजूर असावी लागतात, माणसाला म्हणणं मांडू द्यावं लागतं, आणि दंडाची रक्कम त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

पगार खात्यावर पूर्ण जमा होतो आणि दोन दिवसांनी त्यातला काही भाग रोख परत मागितला जातो, हा प्रकार ज्यांनी सोसलाय त्यांना समजावून सांगायला नको. नोंद करताना रक्कम, तारीख आणि कुणाच्या हातात दिली ते लिहा.

पतसंस्थांत आणखी दोन. 'नातेवाइकांच्या ठेवी आणा', आणि 'या कर्जदाराला जामीन राहा'. पहिल्यात तुमची माणसं अडकतात, दुसऱ्यात तुम्ही. जामिनाची सही नोकरीच्या भीतीनं कधीही करू नका. नोकरी गेली तरी ती सही राहते.

तोंडी कामाची लक्षणं. माझ्या मते हे सगळ्यात घातक, आणि लोक याला लक्षण धरतच नाहीत. आदेश तोंडी येतो, दोष मात्र लेखी. 'माल सोडून दे, मी बघतो' असं फोनवर सांगितलं जातं, आणि रिजेक्शन आलं की मेमो तुमच्या नावावर. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मला दोन वर्षं रजेच्या दिवशीही मस्टरवर काही जणांच्या सह्या घ्यायला सांगितलं जायचं. लेखी एक ओळ नाही. तपासणी आली तेव्हा साहेब म्हणाले, "पगाराचं टेबल यांचं आहे, यांना विचारा." त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं, की तिथं कुणी कुणाला काहीच लिहून का देत नव्हतं.

वहीत यासाठी वेगळं पान करा. कोणता आदेश तोंडी आला, आणि नंतर तो नाकारला का.

बोलण्यातली लक्षणं. शिवी एकदा तोंडातून जाते. पण जात, गाव, आईबाप, नवऱ्याची कमाई, बाईचं वय हे काढून चौघांत बोलणं, आणि बाकीच्यांनी हसलंच पाहिजे अशी अपेक्षा, ही सवय असते. बाकीच्यांकडं बघा. साहेब आत आले की गप्पा थांबणं कुठंही होतं. साहेब बाहेर गेल्यावरही लोक एकमेकांकडं बघून मगच बोलत असतील, तर कान भरणारा माणूस तिथं बसलाय आणि तो कोण हे कुणालाच नक्की माहीत नाही.

'आपण सगळे घरचेच'. हे वाक्य ऐकलं की मी पेन काढतो. घरचेपणा डब्यात, पूजेत, प्रसादात असेल तर चांगलंच आहे. पण तो फक्त रविवारी बोलावताना, साहेबांच्या घरच्या कार्याला राबवून घेताना आणि पगारवाढ टाळताना निघत असेल, तर तो एकतर्फी आहे. पारख सोपी आहे. तुमच्या घरात मयत झाली, गावची जत्रा आली, पोराला ॲडमिट केलं, तेव्हा रजा कशी मिळाली ते वहीत बघा.

सोडून गेलेल्यांची लक्षणं. वर्षभरात त्याच खुर्चीवर तिसरा माणूस बसला असेल, तर खुर्चीत खिळा आहे. गेलेल्यांविषयी काय बोललं जातं तेही ऐका. गेलेला प्रत्येक जण चोर, कामचुकार किंवा गद्दार ठरत असेल, तर तुमच्यासाठीही शब्द ठरलेला आहे. शक्य असेल तर त्यांतल्या एखाद्याला चहाला भेटा. 'का सोडलं?' असं विचारलं की लोक आवरून बोलतात. 'शेवटचा पगार किती दिवसांनी मिळाला?' असं विचारा, मग खरं निघतं.

अंगावरची लक्षणं. सुट्टीच्या दिवशी चार वाजल्यापासून पोटात गोळा, झोपेत साहेबांचा आवाज, घरात लेकरांवर विनाकारण खेकसणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये नोकरीतल्या अशा थकव्याची व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी धरल्यात: शक्ती संपणं, कामाविषयी मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. तिन्ही असतील तर वही चालू ठेवाच, पण डॉक्टरांनाही दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. अंगावरच्या लक्षणांवरून एकट्या जागेला दोष देता येत नाही, घरचं कर्ज आणि आजारपणही असंच बोलतं. म्हणून ही मी शेवटी ठेवली.

सावधान: यातलं एखादं लक्षण कुठल्याही चांगल्या ठिकाणी सापडेल. पैशातलं आणि तोंडी कामातलं, अशी दोन्ही एकत्र सापडली, की माझा हात पुढच्या टप्प्याकडं जातो.

## टप्पा ५: आरसा

थोडक्यात सांगतो, कारण हा टप्पा लोकांना आवडत नाही आणि मलाही आवडला नव्हता. वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर एक खूण करा: यात माझं काम खरंच चुकलं होतं का? चुकलं असेल तर 'हो' लिहा. चूक तुमची आणि भाषा त्यांची, अशा नोंदीही निघतील, दोन्ही वेगवेगळं लिहा. निम्म्याहून जास्त 'हो' आले, तर आधी कामाचं बघा. त्या काळात मागणीचं पत्र टाकलं तर उत्तरात तुमच्या चुकांची यादी येईल, आणि ती खरी असेल.

## टप्पा ६: एक छोटी मागणी, लेखी

आता परीक्षा. पण परीक्षा जागेची.

मागणी अशी निवडा जी वाजवी आहे, पैशाचा फार बोजा टाकत नाही आणि जिचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच येतं. स्लिपांच्या प्रती. नेमणूकपत्र. मूळ गुणपत्रिका परत. पीएफमधला राहिलेला महिना. पगारवाढ नको, बदली नको. त्यात नकार मिळाला तरी जागेविषयी काही सिद्ध होत नाही.

ग्रुपवर टाकू नका, चौघांत नाक कापल्यासारखं होतं आणि मग उत्तर रागाचं येतं. वैयक्तिक मेल किंवा मेसेज. भाषा एवढीच:

"सर, नमस्कार. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मला मिळालेल्या नाहीत. माझ्या नोंदीसाठी त्यांच्या प्रती हव्या आहेत. येत्या शनिवारपर्यंत मिळाल्या तर बरं होईल. आपला,"

'कायद्यानुसार', 'अन्यथा', 'हक्क' हे शब्द या पहिल्या पत्रात नकोत. पुढं लागतीलच, तेव्हा वापरा.

मग दहा दिवस काहीही बोलायचं नाही, फक्त बघायचं. स्लिपा आल्या, थोडी कुरकुर करून आल्या, तरी चांगलं. जागा कडक आहे, पण ऐकते. काहीच उत्तर नाही, तर एकदा आठवण करा आणि परत दहा दिवस. 'तुला कशाला पाहिजेत? कुठं इंटरव्ह्यू दिलास का?' असा उलटा प्रश्न आला, तर तो शब्दशः वहीत. आणि चौथा प्रकार: स्लिपा मिळत नाहीत, पण त्याच आठवड्यात तुमची पाळी बदलते, टेबल दाराजवळ येतं, अचानक उशिराचा मेमो मिळतो, ग्रुपमधून नाव निघतं. आजवर कुणी अशी हकिगत घेऊन आलं की मी पुढचे प्रश्न विचारत नाही. प्रती मागितल्याची शिक्षा देणारी जागा सुधारताना मी पाहिली नाही.

तपासा: मेमो आला तर उत्तर लेखीच द्या, मुदतीत द्या, पोच घ्या. 'मी लिहून दिलं नाही, तोंडी सांगितलं' हे तुमच्या बाजूनं कधीच चालत नाही. कोऱ्या कागदावर, मागच्या तारखेच्या राजीनाम्यावर सही मागितली तर 'घरी वाचून उद्या देतो' म्हणायचं आणि उठायचं.

## टप्पा ७: कुणाकडं जायचं, आणि कोणत्या क्रमानं

साध्या प्रकरणात आधी आत, मग बाहेर. वरचा अधिकारी किंवा मालक, युनियन असेल तर युनियन, नंतर जिल्ह्याचं कामगार कार्यालय. पीएफची तक्रार पीएफच्याच तक्रार पोर्टलवर, पासबुक आणि स्लिप जोडून. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते. हेल्पलाईन १५१००.

लैंगिक छळाचा क्रम वेगळा आणि घड्याळ लावलेला. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी. अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं. तिचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार देता येते. घटनेपासून, आणि घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. अडचण होती हे समितीला पटलं तर ती आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवून देते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

सावधान: 'आपण आपसात मिटवू, तुमच्या घरी कळलं तर बरं दिसणार नाही' यातच ते तीन महिने जातात. आपल्या गावांत हे वाक्य फार चालतं, आणि बहुतेक वेळा एखादी वयस्कर, चांगली वाटणारी बाईच ते बोलायला पाठवलेली असते. आधी अर्ज द्या, पोच घ्या. त्यानंतर ज्याला बोलायचं त्यानं बोलावं.

आणखी एक चूक, पुरुषांकडून जास्त होणारी. ज्या मामांनी नोकरी लावली त्यांनाच मध्यस्थ घालायचे. मामा साहेबांचे मित्र असतात. ते दोघांचंही राखायला जातात, आणि तुमची वही संध्याकाळपर्यंत साहेबांना तोंडपाठ झालेली असते. मामांना सांगा, पण तक्रार दिल्यावर सांगा.

## टप्पा ८: सोडायचंच ठरलं तर

आधी दुसरी नोकरी, निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला. जीव नकोसा झाला असेल तर हा नियम मोडा, तब्येत राहिली तर पुढच्या नोकऱ्या आहेत.

इंटरव्ह्यूत जुन्या साहेबांची उणीदुणी काढू नका. कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसी, शिरवळ, कुठंही जा, तिसऱ्या फोनवर ओळख निघते. "कामाच्या वेळा जमत नव्हत्या" एवढं पुरतं. उलट तुम्हीच तिथं विचारा: या जागेवर आधी कोण होतं आणि किती दिवस? उत्तर देताना समोरचा दुसऱ्याकडं बघतो का तेही बघा.

राजीनामा चार ओळींचा. तारीख, नोटीस काळ, शेवटचा दिवस, आणि कोणाकडं काय सोपवलं. त्यात मनातलं काही लिहू नका, ती वही घरीच राहू दे. मेलवर पाठवा, शिवाय कागदावर देऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं. सामान, चाव्या, सिम, टूल्स, रोकड जमा केल्याची यादी करून तिच्यावर सही घ्या. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त भांडणं व्हायची ती एका ड्रिल मशीनवरून किंवा टाळ्याच्या दुसऱ्या किल्लीवरून.

शेवटच्या दिवशीपर्यंतचा पगार सोडल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. ग्रॅच्युईटीचा हिशेब वेगळा, सलग पाच वर्षं झाली असतील तर त्याचा अर्ज वेगळा द्या. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर मागताना 'नंतर ये' ऐकायला मिळेल. प्रत्येक फेरीनंतर एक मेसेज टाका, 'आज येऊन गेलो, पुढची तारीख सोमवार सांगितली आहे', म्हणजे फेऱ्यांचीही नोंद होते.

आणि दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर परत एकदा जा. जुन्या मालकानं तुमची नोकरी सोडल्याची तारीख टाकली का बघा. ती नसली की पैसे काढणं आणि वळवणं दोन्ही अडतं. शेवटचा हप्ता पडून दोन महिने उलटले, की ती तारीख आधारच्या ओटीपीवर तुम्हालाच टाकता येते. विश्रामबागेतल्या त्या मुलीनं राजीनामा अजून दिलेला नाही. तिची वही सध्या चौथ्या आठवड्यात आहे, आणि पासबुकात दोन महिने कोरे निघालेत.